गुडघ्यातली माणिक

मांडव भरून माणसं मैदानात उभी होती. हिवरखेडात आलेले महाराज दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवत आणि तिथं कोण मेलेलं बसलंय ते सांगत. माझ्या काकूचा, जाईबाईचा, गुडघा धरून ते डोळे मिटून म्हणाले, "बहीण हाये. पाण्यात गेलेली. पाय सोडून नाई राहिली."

काकूची बहीण माणिक विहिरीत पडून गेली, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. काकूला मात्र महाराजांचं म्हणणं पटलं.

आमच्या घरात अंगारा कधी आला नव्हता. आता काकू महाराजांनी दिलेल्या अंगाऱ्याची पुडी रोज पाण्यातून घेऊ लागली आणि दुखणं खरंच ओसरलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. पण त्या पुडीत काय आहे, हे मीही विचारलं नाही. ती गुडघ्याशी हळू आवाजात बोलायची, "माणके, सोड आता."

मग ती पांढरी पडत गेली. शौचाला काळं होऊ लागलं, आणि एका सकाळी ती अंगणात कोसळली.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर तुबांनी विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या घेता?"

"गोळी नाई माय. अंगारा."

तुबांनी तो तपासायला पाठवला. त्यात वेदनाशामक गोळ्यांची पूड निघाली.

"आपल्या पेशींच्या आवरणात स्निग्धाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, असतात," तुबा म्हणाल्या. "सांधा सुजला की शरीर त्यांतल्या एकापासून प्रोस्टाग्लँडिन नावाचे निरोपे बनवतं. सूज आणि दुखणं तेच वाढवतात. गोळी त्यांना बनूच देत नाही, म्हणून गुडघा शांत झाला. पण जठराचं अस्तरही तेच निरोपे सांभाळतात. ते थांबले, जठराला जखम झाली, रक्त गेलं."

काकूनं गुडघ्यावर हात ठेवला.

"म्हंजे माणिक नोती तिथं?"

"नव्हती, काकू," मी म्हणालो.

ती रडू लागली. "मी तिच्यासंग रोज बोलत होती, संघपाल."

बरी झाल्यावर ती माझ्याबरोबर मांडवात आली. महाराजांचा माणूस म्हणाला, "श्रद्धा कमी पडली."

"माई बहीण मेली," काकू शांतपणे म्हणाली. "तिचं नाव घेऊन या महाराजानं मले गोळ्या चारल्या. माया पोटातून रक्त गेलं."

रांगेतल्या काहींनी अंगाऱ्याच्या पुड्या खाली टाकल्या. काही रांगेतच राहिले. मी पोलिसांना फोन केला, पण ते यायच्या आत महाराज पसार झाले.

काकू अजून कधीकधी गुडघ्यावर हात ठेवून बसते. मी तिला अडवत नाही. तुम्हाला मात्र एवढंच सांगतो: मेलेल्यांची आठवण जपा, पण दुखणं डॉक्टरला दाखवा. कुणी काही खायला दिलं तर यात काय आहे ते विचारा. सांगत नसेल, तर ते तोंडात घालू नका.