नाकतोड्याचं नाक

थोरल्या नातीचे पुढचे दात पडले त्या वर्षी ह्यांनी खाट धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. जन्मभर लोकांची घरं रंगवली, ती धूळ छातीत बसली होती. डॉक्टर म्हणाले, औषध द्या आणि त्यांना बोलतं ठेवा. औषध मी देत होते. बोलतं कुणाला ठेवायचं, पाठीला?

लाँड्रीत दिवसभर इस्त्री करून सुजल्या पायांनी घरी यायचं, दोन घास भरवायचे आणि त्या पाठीला दिवसभराचं सांगायचं. पाठ हूं की चूं करायची नाही.

एकदा म्हटलं, "मागच्या गवतात नाकतोडे फार झालेत."

भिंतीकडून आवाज आला, "त्याला नाक असतं का गं?"

"असणारच. उगाच का नाव पडलं?"

"नाव काय, कुणालाही काहीही पडतं. दाखव, मग मानीन."

माझी भाची फोटो स्टुडिओत कामाला. तिने जुना डिजिटल कॅमेरा दिला आणि त्याच्या तोंडावर फिरवून बसवायचं एक भिंग. म्हणाली, "मावशी, याने कागदाएवढी पातळ जागाच स्पष्ट दिसते. किड्याचा डोळा साधायचा. कॅमेऱ्याची कडी फिरवत बसू नकोस, तूच जराशी मागेपुढे हो."

"माझे गुडघे तयार हवेत ना!"

"मग त्यांची समजूत घाल."

आधी नुसतं हिरवं धुकं आलं. मग माझाच अंगठा. सावली पडली की नाकतोडा उडी मारून पसार. शेवटी एक गुणी भेटला. देठाला धरून बसला, मी कितीही जवळ गेले तरी हलला नाही. मी खुशीत कॅमेरा ह्यांच्या खांद्यावरून पुढे दिला. थोड्या वेळाने खांदे हलायला लागले. मला वाटलं, उबळ आली. हे हसत होते.

"अगं, पाठीवर उसवलंय बघ. आतला गडी कात टाकून कधीच गेला! इतकी वर्षं लोकांचे सदरे इस्त्री केलेस, तुला रिकामा सदरा ओळखू येईना?"

मग खरंच खोकला आला. पाणी पाजलं. परत भिंतीकडे वळून म्हणाले, "सदऱ्याला नाक नसतं. माणूस आण."

भाची म्हणाली, थंडीत सकाळी जा, ऊन लागेपर्यंत किडे गारठून बसतात. कामावर जाण्याआधी मी गोणपाट टाकून ओल्या गवतात पालथी पडायचे. कोपरं टेकायची, श्वास सोडून थांबायचे. कितीतरी सकाळी फुकट गेल्या. एके दिवशी डोळा स्पष्ट आला. खाली लांबट तोंड, त्यावर दवाचे थेंब. नाक कुठेच नव्हतं. मी तशीच पडून राहिले, कारण उठवेना.

ह्या वेळी कॅमेरा पुढे दिला नाही. "हवा तर इकडे वळून बघा. माझा हात दुखतोय."

मग खाट करकरली. हे कोपरावर रेटा देत वळले.

"घोडाच आहे गं हा."

"नाक नाही. हरले मी."

"हरलीस." मग कॅमेरा बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "किती वाळलीस गं. जेवतेस ना?"

"तुम्ही जेवलात तर जेवीन."

त्या दिवशी आम्ही दोघं एका ताटात जेवलो. त्यानंतर मी मुंगी आणली, गांधीलमाशी आणली. दमलेली असायचे, तरी आणायचे.

हे त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, दुपारी वारले.