चिनूकची डावी बाजू

आमच्या घरात बनणारी हेलिकॉप्टरं भरीव असतात. खऱ्या चिनूकमध्ये अख्खी पलटण बसते, आमच्या चिनूकमध्ये मुंगीसुद्धा शिरायची नाही. महोगनीचा एक ठोकळा, बाहेरून कोरलेला आणि बाहेरूनच रंगवलेला. खिडक्या मी काळ्या-निळ्या रंगाने काढते आणि कोपऱ्यात पांढऱ्याची बारीक रेघ ओढते, म्हणजे काच चमकल्यासारखी वाटते. रंगवताना कितीदा तरी माझ्या मनात यायचं की आत कोणी असेलच तर ती मी आहे.

आंजेलेस गावातल्या आमच्या गल्लीत घरटी कोणी ना कोणी विमानं कोरतो. अमेरिकन तळ होता तेव्हा पायलट स्वतः दारात येऊन आपापलं विमान बनवून घ्यायचे. तळ उठला, ज्वालामुखीचा डोंगर फुटून राख पडली, पायलट म्हातारे झाले. आता ते अमेरिकेतून फोटो पाठवतात, मादाम नेलिया ऑर्डर आणून देतात, तातांग कोरतात आणि मी रंगवते. तातांग म्हणजे माझे वडील, सेराफिन कियामबाव. लढाऊ विमानं सगळेच कोरतात हो, पण चिनूक पोटाळं असतं, धरायला सरळ रेघ मिळत नाही. दोन्ही कुशी सारख्या आणायला हातच लागतो. तो हात गल्लीत एकट्या तातांगांचा.

होता, असं म्हणायचं माझ्या जिवावर यायचं. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, ऑपरेशनचं नाव काढलं की ते चप्पल घालून बाहेर निघून जात. आणि मग चिनूकची डावी कूस फुगायला लागली. थोडीशीच, पण समोरून पाहिलं की हेलिकॉप्टर गालात पानाचा तोबरा धरल्यासारखं दिसे. पहिल्यांदा मला ते दिसलं तेव्हा मी त्यावर फडकं टाकलं. जेवून ते आत आडवे झाले आणि मी कानस घेऊन डावी बाजू उतरवली, पॉलिश पेपर मारला, वर प्रायमर दिला. प्रायमरखाली सगळं झाकलं जातं. तेव्हापासून प्रत्येक चिनूकला हेच. दुपारची झोप मी विसरूनच गेले.

भाऊ दुबईत, बहीण कॅनडात. बहिणीचा व्हिडिओ कॉल आला की शेवटचं वाक्य ठरलेलं, "आत्सी, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त." आत्सी म्हणजे थोरली बहीण. थोरली म्हणजे जी राहते ती. मी हसून हात हलवायची आणि फोन ठेवला की ब्रश इतका आपटायची की केस वाकायचे.

ओगी तायाग जीपनींवर, म्हणजे आमच्याकडच्या सवारी जीपगाड्यांवर, चित्रं काढायचा. माझ्यासाठी तो किती वर्षं थांबला होता हे मोजायची मला हिंमत नाही. त्याला पलावान बेटावर बोटींच्या कारखान्यात काम मिळालं आणि तो फाटकाशी येऊन उभा राहिला.

"संतांचा दिवस झाला की निघतो मी," तो म्हणाला. "कबरींवर मेणबत्त्या लावायच्या आणि बोट पकडायची. येणार आहेस का?"

"हळू बोल. झोपलेत."

"ते झोपलेत, मी म्हातारा होतोय. झेनी, तुझ्या बापाचं लाकडी हेलिकॉप्टर एक दिवस उडेल, पण तू काही जागची हलायची नाहीस."

"तुझी आई येईल मागणी घालायला?"

"आईने लग्नाच्या जेवणाचं डुक्कर कधीचं ठरवून ठेवलंय. ते बिचारंही वाट बघून म्हातारं झालं."

मला हसू आलं आणि लगेच रडूही. मी गेले की पुढचं चिनूक फुगलेलं जाणार. मादाम नेलिया एकदा गप्प बसतील, दुसऱ्यांदा काम शेजारच्या आळीत देतील. मग हा माणूस पटाशी ठेवून भिंतीकडे तोंड करून बसेल, आणि असा बसलेला माणूस आमच्या गल्लीत फार दिवस टिकत नाही. त्यांना तोंडावर सांगू? "तातांग, तुमचा हात गेला"? त्यापेक्षा माझी जीभ झडली तर बरी. खरं सांगते, त्या दोन्ही कुशींच्या मध्ये मी चेचली जात होते.

शेवटी ठरवलं, सांगू दे लाकडालाच. आलेलं चिनूक मी जसंच्या तसं रंगवायला घेतलं. दुपारी कानस हातात घेतली नाही. फुगलेल्या कुशीवर हिरवा रंग दिला, नंबर टाकला, खिडक्या काढल्या. मादाम नेलिया समोरून बघतील, परत पाठवतील आणि त्याच म्हणतील, "तातांग, आता पुरे." त्यांचं बोलणं कडू असतं, पण ते माझं नसेल.

आमच्याकडे नग घराबाहेर पडायच्या आधी एक रीत असते. कोरणाऱ्याने डोळे मिटायचे, दोन्ही अंगठे नाकापासून शेपटीपर्यंत दोन्ही अंगांवरून फिरवायचे आणि म्हणायचं, "उडेल." मगच खोकं. आजोबाही करायचे. चर्चवरून जाताना आपण क्रूसाची खूण करतो, लक्ष असतं भाजीत, तसलंच काहीतरी ते असेल असं मी धरून चालले होते.

तातांगांनी सकाळची कॉफी बाजूला ठेवली आणि डोळे मिटले. अंगठे निघाले, मध्यावर थांबले. मागे आले, पुन्हा गेले.

"झेनी," ते म्हणाले, "डावी बाजू राहिलीय."

आमटीत मीठ राहिलंय म्हणावं इतक्या साधेपणाने.

"काय राहिलंय?"

"तुझं काम. विसरलीस वाटतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"डोळा गेलाय. अंगठे नाही गेले."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मी फडकं जमिनीवर फेकलं. "रोज दुपारी चोरासारखी कानस घासतेय मी! आणि तुम्ही आत पडून ऐकत होता?"

"त्या आवाजाने छान झोप लागते," ते म्हणाले. थट्टा नव्हती त्यात. खरंच लागत असणार.

मी आणखी काहीबाही बोलले, बापाला बोलू नये असं. बोलता बोलताच एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली.

"तातांग, अंगठ्यांना कळत होतं, तर पटाशीला का नाही कळलं?"

ते मांडीवरच्या ढलप्या एकेक करून वेचायला लागले.

"पहिली कूस खरंच चुकली होती," ते म्हणाले.

"आणि बाकीच्या?"

"तो जीपनीवाला पोरगा तेव्हा नुकता यायला लागला होता. तू संध्याकाळी नटून बसायचीस. मग ती एक चुकली, तू दुपारभर ती सरळ करत बसलीस, आणि संध्याकाळी तो आला तर म्हणालीस, आज नको, काम आहे." त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "मला वाटलं, हे बरंय."

हे बरंय! माझे केस पिकले त्या 'हे बरंय'मध्ये. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी कानस आणून त्यांच्या हातात कोंबली, हेलिकॉप्टर मांडीवर ठेवलं.

"करा सरळ. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी डोळे मिटले. हिरव्या रंगाची साल निघाली, प्रायमर निघाला, तांबडं लाकूड दिसलं. कानस, अंगठा, कानस, अंगठा. कॉफीवर साय धरायच्या आत त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. मी डोळे मिटून अंगठे फिरवले. दोन्ही कुशी सारख्या होत्या, माझ्याने कधी झाल्या नव्हत्या इतक्या.

"रंग परत द्यावा लागेल," ते हळूच म्हणाले.

"हा देईन. रविवारी ओगीच्या आईला बोलावतेय, मागणी घालायला."

"मग रंग कोण देणार?"

मी प्रायमरचा डबा उघडला आणि उघड्या लाकडावर हात द्यायला बसले. थोड्या वेळाने त्यांनी पुढचा ठोकळा ओढला. सवयीने माझे डोळे डावीकडे गेले. उजवी कूस झाली, डावी आली. जिथे ते नेहमी थांबत तिथे थांबले. पटाशी हवेतच राहिली.

मग त्यांनी आणखी एक ढलपी काढली. अंगठा फिरवला आणि अजून एक काढली.

मला हलकं वाटायला हवं होतं. मी ब्रश हातात धरून लहान मुलीसारखी रडत होते आणि ते मान वर न करता कोरत होते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. त्या ठोकळ्यात माझ्यासाठी आता काहीच काम उरलं नव्हतं.