लेबलाखालचा कोपरा

माझ्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक एक्स-रेवर खालच्या कोपऱ्यात लेबल असतं: डॉ. देवश्री, दंतचिकित्सा, बालाघाट आणि फोन नंबर. ते मी स्वतः चिकटवते. माझी मदतनीस दीपिका ते तिरकं लावते आणि तिरकं काही मला खपत नाही.

मागच्या वर्षी नीळकंठकाकांच्या कवळीसाठी मी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला होता. आज त्यांच्या बायकोनं, प्रेमलताकाकूंनी, तोच एक्स-रे आणि कवळी पिशवीतून आणली. दोन महिन्यांपूर्वी काकांना लकवा मारला आणि तोंड एका बाजूला उतरलं.

"डॉक्टरबाई, हिले थोडं घासून द्या ना. जेवताना निघून येते," काकू पुटपुटल्या.

या बाईंचा आवाज पूर्वी थेट रस्त्यावर ऐकू जायचा. मी विचारलं, "घसा बसलाय का?"

"घसा चांगला हाय. मीच बोलनं सोडलं. त्या दिवशी लालबर्ऱ्याले लग्नात जायचं होतं अन् हे काही कवळी लावाले तयार नव्हते. मी लय बोंबलली. तेवढ्यात हे पडले. रजत म्हणते, आई, तुयाच चिल्लाण्यानं झालं. पोरगा धड बोलत नाही मायाशी." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "सांगा ना, ओरडल्यानं होते काय असं?"

"तसं काही नसतं हो," असं म्हणत मी एक्स-रे दिव्यावर लावला. पिशवीत घासून लेबलाचं टोक सुटलं होतं. ते दाबायला हात गेला आणि खाली काहीतरी पांढरं दिसलं. मी लेबल ओढून काढलं.

जबड्याच्या खाली, मेंदूकडे रक्त नेणारी नस जिथून जाते तिथे, तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके होते. नसेत साचलेला चुना. असं दिसलं की दात राहू दे, आधी पेशंटला मोठ्या डॉक्टरकडे पाठव, हे कॉलेजात घोकून घेतलं होतं. मी त्या दिवशी फक्त जबडा पाहिला आणि वरून लेबल लावलं, अगदी सरळ. पाठवलं असतं तर लकवा टळलाच असता असं नाही. पण टळूही शकला असता.

मला भीती वाटली. खरं सांगायचं तर काकूंचा रागही आला, हा एक्स-रे जपून का ठेवला म्हणून. लेबल पुन्हा दाबलं असतं तर गावात कुणाला काही कळलं नसतं. काकू मात्र तशाच पुटपुटत घरी गेल्या असत्या.

"काकू, इकडे बघा," मी म्हणाले. "हे ठिपके म्हणजे नसेतला चुना, अशानं लकवा येऊ शकतो. तो तुमच्या ओरडण्यानं साचलेला नाही. तो मागच्या वर्षीच होता. मला दिसायला हवा होता. मी त्यावर लेबल चिकटवलं."

त्यांनी ठिपक्यांवर बोट ठेवलं. "आमी तुमच्यापाशी आलो, तवाच होता?"

"हो."

"अन् तुमाले दिसला नाही?" आवाज चढला. "दोन महिने मी घरात तोंड नाही उघडलं! अन् तुमी लेबल चिकटवून राह्यल्या होत्या!"

बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावू लागली. दीपिका दार लावायला धावली.

"राहू दे उघडं," मी म्हणाले.

"रजतले फोन लावा! मले जे सांगितलं ते त्याले सांगा!"

मी नंबर लावला. रजतनं "हॅलो" म्हटलं, तरी काकू ओरडतच होत्या.