शेंबागोची राख आणि घोणस

बाजाराच्या दिवशी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध वाळक्या पानांवर मांडीएवढी जाड गॅबून घोणस पसरली होती आणि शेंबागो वैदू तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. ती हलत नव्हती. माझी राख पायाला बांधा, तो सांगत होता, जंगलातली प्रत्येक घोणस तुम्हाला मालक मानेल. फक्त बाई वाईट चालीची असली तर राख उलटते. पुड्या भराभर खपल्या. पंचवीस वर्षं मी उसांबाराच्या या डोंगरात नर्स आहे. असले चारजण पाहिलेत. भांडायचा कंटाळा आला होता, म्हणून गप्प घरी आले.

तिथेच चुकलं.

दहाव्या दिवशी गावातल्या म्वानाहामिसीला झोळीतून माझ्या दवाखान्यात आणलं. वेलची तोडताना पानांतल्या घोणशीवर तिचा पाय पडला होता. घोट्याला पुडी तशीच होती. जिल्ह्याच्या इस्पितळात सापाच्या विषावरचं इंजेक्शन मिळालं, जीव वाचला. पायाची दोन बोटं गेली. घरी परतली तर नवरा रजबू तिच्या हातचं जेवेना. राख उलटली म्हणजे काय ते समजा, असं गाव कुजबुजत होतं.

तिला चावलेली तीच घोणस वेलचीच्या मळ्यातल्या मजुरांनी शेंबागोला विकायला पिंपात कोंडून ठेवली होती. पुढच्या बाजाराला मी ती मैदानात आणवली आणि रजबूला पुढे बसवलं. लांब काठीने तिची पाठ घासली, डोकं चोळलं. घोणस ढिम्म.

“मी राख लावलेली नाही,” मी म्हटलं.

मग नुकताच मारलेला उंदीर काठीला बांधून तिच्या तोंडाशी नेला. झडप कुणालाच दिसली नाही. उंदीर तिच्या जबड्यात दिसला. आता हात फिरव, असं बाजारात पुड्या घेऊन बसलेल्या शेंबागोला म्हटल्यावर त्याला दुसरीकडचं काम आठवलं.

ही जात शिकारीमागे धावत नाही, मी सांगितलं. भक्ष्य तोंडाशी येईपर्यंत पानांत पानासारखी पडून राहते. उगाच चावून विष वाया घालवत नाही. पोट भरलेलं असलं तर आणखी सुस्त. शेंबागोच्या घोणशीचं पोट कसं फुगलेलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. हात फिरवणारा तिला झाडाच्या खोडासारखा. अंगावर पाय पडला की मात्र चावते.

“म्हणजे बाईची चाल तिला कळत नाही?” रजबूने विचारलं.

“तिला पायाचं वजन कळतं, रजबू. पाय कुणाचा ते नाही.”

“म्वानाहामिसीला बूट हवे होते,” तो म्हणाला. “मी पुडी आणून बांधली.”

शेंबागो आता पलीकडच्या डोंगरात बसतो, असं ऐकते. तिथे तुमचं कुणी असेल तर एवढं कळवा: बूट घाला. पाय टाकण्याआधी काठीने पानं चाळा. चावली तर कापू नका, चोखू नका. पाय न हलवता माणसाला उचलून दवाखान्यात आणा. आणि साप चावलेल्या बाईला तिचं पाप विचारू नका.