जरासा मोकळा नट

मित्रांनो, मी चाकाचा एक जुना तुंबा आहे. चाकाच्या मधोमध बसतो, माझ्यातून आस जातो. आधीच सांगतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

माझी उमेदीची वर्षं मुंबईच्या एका लहान मोटारीखाली गेली. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, मोटार उभी राहिली. मग जो तो येऊन आमचं कौतुक करी आणि जाताना काहीतरी काढून नेई. टायर गेले, चाकं गेली. मी आणि माझा जोडीदार तुंबा, दोघं उघडेबोडके पनवेलला डेव्हिड मिस्त्रींच्या भंगारात येऊन पडलो. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मी सावध होतो.

तिथे आठ वर्षं गंज खाल्ल्यावर एके दिवशी डेव्हिडने आम्हाला रॉकेलने धुतलं. याला काय हवंय आता, असंच माझ्या मनात आलं. शेजारच्या काशिरामच्या मुलीसाठी, सत्यवतीसाठी, त्याला हाताने चालवायची तीनचाकी करायची होती. तिचे पाय लहानपणीच तापात गेले होते. शिकून ती मास्तरीण झाली होती, पण सोमवारी शाळेत आपली आपण हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

काशिराम बैलगाड्या करी. त्याने दोन हलकी लाकडी चाकं करून आमच्यावर बसवली, पण भंगारातल्या लोखंडावर पोरीला बसवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. शुक्रवारी डेव्हिडने बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, नट आवळला आणि पुन्हा जरासा सोडला. सत्यवतीने अंगणात एक फेरी मारली. तेवढ्यात दिवेलागण झाली. डेव्हिड यहुदी, शनिवार त्याचा शब्बाथ; शुक्रवारी दिवे लागल्यापासून कामाला हात लावायचा नाही. तो हात धुऊन घरी गेला.

अर्धवट टाकून पळाला, मी म्हटलं. काशिरामलाही तेच वाटलं. त्याच्या कामात सांधा हलला की काम खोटं. शनिवारी त्याने लांब पाना घेऊन आमचे नट करकचून आवळले. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. एक तरी माणूस माझ्यासारखा शहाणा निघाला.

सोमवारी सकाळी सत्यवती गाडीत बसली. दहा पावलांतच तिचे हात भरून आले.

"डेव्हिडकाका, शुक्रवारी हलकी होती ओ," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शाळेची घंटा व्हायला थोडाच वेळ होता.

डेव्हिडने चाक उचलून फिरवलं. ते अर्ध्या वेढ्यातच थांबलं. त्याने नटाकडे पाहिलं, मग काशिरामकडे.

"मीच आवळला," काशिराम म्हणाला. "हालत व्हता. पोर पडली असती."

"मोकळा ठेवलाय म्हणून चाक फिरतं, काशिरामभाऊ," डेव्हिड म्हणाला आणि पाना त्याच्याच हातात दिला. "तुम्हीच सोडा."

काशिरामने पाना नटाला लावला. त्याने दोन्हीकडचे नट जरासे सोडले, ते सुटून पडू नयेत म्हणून डेव्हिडने पिना घातल्या. मी फिरलो. इतक्या वर्षांनी मी पुन्हा रस्त्यावर फिरलो, मित्रांनो. काशिराम कोपऱ्यापर्यंत मागे मागे आला आणि तिथे थांबला. सत्यवती घंटेआधी पोहोचली.

आता मी पुन्हा जुना झालो आहे. मला वर्षातून एकदा ग्रीस द्या. आणि शंका आली, तर पाना उचलण्याआधी विचारा. त्या शनिवारी काशिरामने विचारलं नाही, आणि मला तेच आवडलं होतं, याची मला अजून लाज वाटते.