दोन वर्षांपुरता कॅमेरा

"उचलून तर बघा, बु," कासिदी म्हणाला आणि तो काळा धोंडा त्याने सरळ माझ्या मांडीवर ठेवला.

मी उचलला आणि लगेच त्याच्या हातात परत दिला. नवरीच्या कपाळावर केसाएवढी रेघ ओढायला मला माझं मनगट शाबूत लागतं. असले धोंडे पेलायला मी काही हमाल नाही.

"हा कॅमेरा आहे की वरवंटा? मिरच्या वाटता येतील याने."

"पाक हार्तोयोंचा आहे. वीस वर्षं वर्तमानपत्रात वापरला त्यांनी. आता हात थरथरतात, म्हणून..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. कासिदीची बरीच वाक्यं अशी वाटेतच बसतात. मागेलांगच्या त्या म्हाताऱ्याने कॅमेरा त्याला चार दिवस वापरायला दिला होता. देताना म्हणाला म्हणे, "पटला तर घे, नाही पटला तर परत आण. पण घेऊन कपाटात ठेवणार असशील तर कपाट माझ्याकडेही आहे."

मी जावातल्या पाराकानमध्ये नवऱ्या नटवते; सगळे मला बु म्हणतात, म्हणजे आई. माझी आई हेच करायची, तिची आईही. आमच्याकडे नवरीच्या कपाळावर काळ्या लेपाची पानं काढतात, मध्ये एक मोठं, शेजारी लहान, कडेने सोनेरी रेघ. त्याला पाएस म्हणतात. आदल्या दिवशी मी मीठ खात नाही, कमी बोलते. (कमी बोलते यावर कोणाचा विश्वास बसत नाही, तो भाग वेगळा.) आणि एवढा जीव ओतून काढलेलं पाएस, त्याच लग्नांत फोटो काढणाऱ्या कासिदीच्या फोटोत कसं दिसायचं? तव्याची काजळी पुसल्यासारखं. कुठे पान संपलं, कुठे केस सुरू झाले, काही कळायचं नाही. दिवा कमी असला तर नवरीच्या गालावर रवा सांडल्यासारखं व्हायचं.

दोष त्याचा नव्हता. त्याच्या हातात कला होती. नवरी कुठल्या क्षणी लाजेल हे तिच्या आधी त्याला कळायचं. पण कॅमेरा होता पिटुकला, प्लॅस्टिकचा, रबर निघालेला, इलेक्ट्रिकवाल्याची काळी पट्टी गुंडाळलेला. कळ दाबली की कधी वाजायचा, कधी नाही. लग्नात नव्या नव्या कॅमेऱ्यांची पोरं यायची आणि त्या पट्टीकडे बघून हसायची.

"मग घेतोस ना?" मी विचारलं.

"जड आहे बु. जुना आहे. बिघडला तर सुटे भाग कोण देणार?"

"तुझ्या त्या पट्टीवाल्याला कोण देतं?"

त्याने पट्टीचं सुटलेलं टोक दाबून बसवलं. मग म्हणाला, "यातून बघितलं ना बु, की खिडकी उघडल्यासारखं होतं. माझ्यातून बघणं म्हणजे कुलपाच्या भोकातून बघणं." हे बोलताना त्याचा चेहरा असा झाला की मला एकदम त्याचं तरुणपण आठवलं. बसस्थानकासमोरच्या स्टुडिओच्या काचेला नाक लावून हा तासन्‌तास उभा राहायचा. असला मोठा कॅमेरा गळ्यात घालायची त्याची तेव्हापासूनची ओढ. माणसाला एखादी गोष्ट किती वर्षं हवी असावी?

तरी त्याने तो काळा कॅमेरा गुंडाळून पिशवीत ठेवला आणि पट्टीवाला गळ्यात अडकवला.

त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तो पिटुकला रुमिनाहने पाठवला होता.

रुमिनाह म्हणजे त्याची बायको. लेक वेनिंग पहिलीत असताना ती हाँगकाँगला घरकामाला गेली. आमच्या भागातल्या कितीतरी बाया जातात, तशीच. दोन वर्षांचा करार होता. पहिल्या पगारातून तिने हा कॅमेरा घेतला आणि गावी येणाऱ्या मैत्रिणीच्या हाती धाडला, "लेकीचे फोटो काढून पाठवत जा," म्हणून. कासिदीने काढले. पडलेला दात, शाळेचा नवा बूट, गोवर, पहिली सायकल, सगळं. दोन वर्षांचा करार पुन्हा झाला, पुन्हा झाला. मध्ये मध्ये ती यायची, महिनाभर राहायची, चूल सारवायची, परत जायची. कासिदी तिच्यावर कॅमेरा रोखायचा तर म्हणायची, "माझा काय काढता? मी आहे ना समोर. लेकीचा काढा." असं करता करता लेक लग्नाची झाली.

आणि लग्न ठरलं बुधवारी.

यावरून मी कासिदीला जेवढं झापलंय तेवढं माझ्या मेलेल्या नवऱ्यालाही कधी झापलं नव्हतं. मुलामुलीच्या जन्मवारांच्या अंकांची बेरीज करून, गावात मुहूर्त काढणाऱ्या सोमो आजोबांनी दिवस काढला. आला बुधवार. हाँगकाँगात बायांना सुट्टी रविवारी. रुमिनाहची मालकीण अंथरुणाला खिळलेली, नवं वर्ष होईपर्यंत रजा नाही म्हणाले तिच्या घरचे. बुधवारी तर म्हातारीला इस्पितळात न्यायचा वार, दिवसभर फोन बंद. म्हणजे लग्नाला येणं सोडाच, फोनवरूनसुद्धा बघायचं नाही.

"अरे, रविवार मागायला तोंड नव्हतं तुला?"

"बु, सोमो आजोबांकडे दिवस मागतात का? ते देतील तो घ्यायचा."

"दुसरा महिना मागायचास!"

"मी रुमिनाहला सांगितलं. ती म्हणाली, मोडू नका. लेकीच्या संसाराचा प्रश्न आहे." मग खाली बघत म्हणाला, "म्हणाली, फक्त एक फोटो नीट काढा. तिच्या कपाळाचा. पापण्या मोजता आल्या पाहिजेत."

आता सांगा, ज्याच्यातून पाएस आणि काजळी एक होते त्या कॅमेऱ्यातून पापण्या कुठून मोजणार? त्यालाही ते कळत होतं. पण पट्टीवाला बाजूला ठेवायचा म्हणजे त्याला बायकोचाच हात सोडल्यासारखं वाटत होतं. आणि तिला विचारायची हिंमत नाही. 'तू दिलेला आता पुरत नाही' हे परमुलुखात भांडी घासणाऱ्या बायकोला कोण सांगणार?

मी सांगणार. नाहीतर आणखी कोण?

लग्नाआधीच्या रविवारी मी रुमिनाहला फोन लावला. ती बागेत पुठ्ठ्यावर बसली होती, मागे आमच्याकडच्याच बायांचा कलकलाट, कोणीतरी सोयाबीनचं तेंपे तळून आणलं होतं म्हणे. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "बाई, तुझ्या नवऱ्यासमोर आयुष्यभराचं स्वप्न पिशवीत येऊन पडलंय आणि तो त्याला हात लावत नाहीये. तुझ्या त्या पिटुकल्यासाठी."

तिने बायांपासून जरा बाजूला सरकून फोन तोंडाजवळ आणला.

"कुठला हो, बु? मोठा, काळा, दोन्हीकडून मूठ असलेला?"

"तोच. वरवंटा."

"दुकानात तोही होता," रुमिनाह म्हणाली. "शेजारीच ठेवला होता, काचेत. मी विचारलंसुद्धा, हप्त्याने द्याल का. दुकानदार देत होता. मीच नको म्हटलं. म्हटलं, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, मग मी परत जाणारच. दोन वर्षं पुरेल असा लहान बघून घेतला."

मी फोन या हातातून त्या हातात घेतला.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "त्या लहानग्या कॅमेऱ्याने खूप ओढलं. आता त्याला बसू द्या."

कासिदीला मी हे जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. तो माझ्या ओसरीवर कॉफी पीत होता. ऐकून झालं तरी पेला तोंडाशीच. मग म्हणाला, "साखर कमी पडली." मी साखर घालून दिली. तीही त्याने तशीच ठेवली आणि निघून गेला.

बुधवारी पहाटे मी वेनिंगला नटवायला बसले. गुणी पोर, तासभर मान हलवली नाही. मधलं पान भरून झालं, शेजारची झाली, सोनेरी रेघ ओढली, मोगऱ्याची माळ खांद्यावरून सोडली. तेवढ्यात कासिदी दारात. लग्नाचा काळा अंगरखा, कमरेला मागे क्रिसची कट्यार खोचलेली, डोक्याला घट्ट फेटा, आणि गळ्यात तो धोंडा. क्रिस आणि कॅमेरा एकाच अंगावर मी जन्मात पहिल्यांदा बघितले.

"पटकन आटप, कासिदी," मी म्हटलं. "काजी येऊन बसलेत. वधूपिता फोटो काढत फिरतोय म्हणून लोक शेण घालतील तोंडात."

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. आणि नुसताच उभा राहिला. कळ दाबेना.

"अरे काय झालं?"

"थांबा बु. दिसतंय."

"मग काढ की!"

"सगळं दिसतंय," तो म्हणाला. एवढी वर्षं लेकीला कुलपाच्या भोकातून वाढताना बघितलेला माणूस, त्याला ती एकदम अख्खी दिसली आणि नेमकी निघायच्या दिवशी. त्याने कॅमेरा खाली घेतला, अंगरख्याच्या बाहीने बघायची काच पुसली, परत लावला, परत पुसली. काच त्याच्या डोळ्यांनीच ओली होत होती. वेनिंग म्हणाली, "बाबा, तुम्ही रडलात तर मी रडेन, आणि मग बु तुम्हाला मारतील." मी खरंच मारलं असतं.

कळ वाजली. एकदाच. त्याने दुसरा काढला नाही.

कॅमेरा माझ्या ताब्यात देऊन तो बाहेर जाऊन बसला. बाकीच्या लग्नाचे फोटो दुसऱ्या गावच्या एका फोटोवाल्याने काढले, ते असो. मला सांगायचंय ते तराजूच्या विधीचं. आमच्याकडे नवरीचा बाप खुर्चीवर बसतो, एका मांडीवर जावई, एका मांडीवर लेक. आई समोर उभी राहून विचारते, "कोण जड हो?" बाप म्हणतो, "सारखीच दोघं." म्हणजे आता जावईही पोटचाच. लहान पोरालासुद्धा पाठ असतं हे.

आईच्या जागी कासिदीची थोरली बहीण उभी होती. तिने अंबाडा सावरला, हसली, ठसक्यात विचारलं, "काय हो, कोण जड?"

कासिदी बोलेना. जावई चांगला अंगाने भरलेला, त्यामुळे लोकांना वाटलं भारामुळे. कोणी ओरडलं, "श्वास घेऊ द्या बिचाऱ्याला!" हशा पिकला. बहिणीने पुन्हा विचारलं. तो तिच्याकडे नाही, तिच्या मागच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. विधी सांभाळणारी मीच, म्हणून मीच मोठ्याने म्हटलं, "बाबा म्हणतात, सारखीच!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, गामेलानच्या झांजा-घंटा सुरू झाल्या, निभलं.

त्या रविवारी मी माझे कपडे आणि माळांचे डबे न्यायला त्याच्याकडे गेले. लेक सासरी, घर सुनं. कासिदी पायरीवर बसला होता. मांडव काढलेल्या खड्ड्यांत कोंबड्या पाय मारत होत्या. फोटो त्याने बुधवारीच पाठवला होता, पण रुमिनाहचं उत्तर नव्हतं. चार दिवस बिचारा झुरत होता.

फोन वाजला. तो घेऊन त्याने माझ्याही तोंडासमोर धरला, आणि मी बघतच राहिले. तीच बाग, तोच पुठ्ठा, पण रुमिनाहने केबाया, म्हणजे आमचं लग्नकार्यातलं लांब पोलकं, घातला होता. लग्नात घरच्या सगळ्या बायांनी घातला तोच, शेवाळी रंगाचा. कासिदीने कापड पाठवलं होतं, तिने तिकडे शिवून घेतलं होतं. केसांचा अंबाडा, ओठांना रंग. शेजारच्या बायाही आपापल्या परीने नटून बसलेल्या. वधूमायचा थाट होता तो.

"मी अजून उघडला नाही," ती म्हणाली. "भांडी घासता घासता बघायचा नव्हता. आता उघडते."

मग तिचा चेहरा दिसेनासा झाला, नुसती कुजबुज ऐकू येत होती. बाया तिच्याभोवती वाकल्या असाव्यात. कोणीतरी "आई गं" म्हणालं. फार वेळ गेला. ती खरंच पापण्या मोजत असावी.

"हनुवटीवर खूण आहे," ती शेवटी म्हणाली. "ही कधीची? इतक्या फोटोंत मला दिसली नाही."

"तू मागच्या वेळी परत गेलीस, त्यानंतर सायकलवरून पडली होती," कासिदी म्हणाला. "तेव्हा सांगितलं नव्हतं. तू घाबरली असतीस."

"बरं केलंत." मग, "माझा कॅमेरा कुठे आहे? लहान?"

"आत आहे. बॅटरी भरून ठेवलीय."

"राहू द्या. मी आले की माझा एक काढा त्यातून. मग संपला त्याचा करार."

"कधी येतेस?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत मी त्याला हा प्रश्न विचारताना कधी ऐकलं नव्हतं.

ती उत्तर द्यायला गेली, आणि थांबली. तिकडे बायांनी हसून काहीतरी सुचवलं. मग तिने पुठ्ठ्यावरच अंग सावरलं, पदरासारखी ओढणी नीट केली आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं:

"काय हो वेनिंगचे बाबा, कोण जड?"

कासिदी ताठ बसला. दोन्ही गुडघे फाकवले, पाय घट्ट रोवले.

"सारखीच आहेत," तो म्हणाला. "दोघं सारखीच."

फोन बंद झाला तरी तो तसाच बसून होता, मांड्या फाकवून, पाय रोवून, हलला तर कोणीतरी पडेल अशा बेताने. मी डबे उचलले आणि त्याला न हलवता बाजूने वाट काढून निघाले.