कार्यालयातर्फे

"आठ वाजून बारा मिनिटं." संस्थेच्या संचालक डॉ. अफ्रिये बाईंनी कागदावरून मान न उचलता वाचलं. "पत्र सगळ्यात आधी उघडणारा कर्मचारी : एबो क्वान्सा, संगणक विभाग."

खोलीत एकतीस माणसं होती. एबोनं समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवायला घेतलं आणि ते फिरवतच राहिला.

एबो त्रेपन्न वर्षांचा होता. अक्रातल्या असायलम डाउनमधल्या या धोरणसंस्थेत त्याची एकवीस वर्षं गेली होती. इथले लोक सरकारी योजनांचा अभ्यास करत, अहवाल लिहीत, मंत्र्यांना नको असलेले प्रश्न विचारत. एबोचं काम एवढंच, की त्यांचे संगणक चालू राहावेत आणि बाहेरचं कुणी आत शिरू नये. आणि दार राखायला ठेवलेल्या माणसानंच चोराला हाताला धरून ओसरीवर बसवलं होतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या बारा धोरणसंस्था सायबर सुरक्षेत किती पाण्यात आहेत, याची तुलना चालली होती. पहिल्या सहांत जी येईल तिलाच घरोघरच्या पाहणीची मूळ कागदपत्रं मिळणार होती. त्यात लोकांची नावं, आजारपणं, कुणाच्या घरात किती जण उपाशी झोपतात, असं सगळं होतं. तेव्हा ती सांभाळणाऱ्याचं दार पक्कं हवं, हे रास्तच होतं. ही कागदपत्रं मिळतील असं धरूनच संस्थेनं पुढच्या तीन वर्षांचं काम आखलं होतं.

पासवर्ड, जुनी यंत्रं, माहितीच्या जादा प्रती, या सगळ्यात संस्थेला बरे गुण होते. घात केला तो 'माणसं' या रकान्यानं. परीक्षकांनी न सांगता एक खोटं पत्र ईमेलनं धाडलं होतं. 'आपल्या एका जुन्या सहकाऱ्याचं निधन झालं आहे. तपशील सोबतच्या पत्रिकेत.' नाव दिलेलं नव्हतं. एकतीसपैकी सव्वीस जणांनी ती पत्रिका उघडली. बाईंनी स्वतः उघडली, नऊ वाजून चार मिनिटांनी. बारा संस्थांत नंबर आला अकरावा.

"मॅडम, मी बोलू का?" स्वागतकक्षातली आंटी अक्वेली उठली. साठीला टेकलेली, बडबडी बाई. "माणूस गेल्याचं पत्र आलं आणि कोण गेलं ते बघायचं नाही? मग आपण माणसं कसली?"

"आंटी, परीक्षकाला हे ठाऊक होतं म्हणून तर त्यानं ते पत्र लिहिलं," बाई म्हणाल्या.

"मग त्याच्या घरी कुणी मेल्यावर त्याला कळेल."

दोघंतिघं हसले. बाई हसल्या नाहीत. सगळे पांगल्यावर त्यांनी एबोला थांबवून घेतलं.

"दुसरी फेरी दीड महिन्यात कधीही होईल, सांगून होणार नाही. एबो, मी तुझ्यावर ओरडणार नाही. पण पहिल्या सहांत आलो नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. तुझ्या मुलीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू आहे, हे मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगतेय."

"हो मॅडम," एबो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून एबो पार बदलला. एरवी कुणाचा प्रिंटर अडकला तर चार गप्पा मारत काढून देणारा हा माणूस आता टेबलाटेबलाशी जाऊन दरडावू लागला. अनोळखी पत्त्यावरून काही आलं तर हात लावायचा नाही, थेट माझ्याकडे पाठवायचं. जिन्यात, संडासाच्या दारावर, चहाच्या किटलीशेजारी त्यानं तसे कागद डकवले.

"एबो, घरून नवऱ्याचा मेसेज आलाय, 'येताना मासे आण'," संशोधन विभागातली डेडे ओरडून विचारी. "उघडू की तुझी सही घेऊ?"

"आधी नवरा खरा आहे का बघ," फीफी पलीकडून म्हणे. "आणि काय रे एबो, काळे कपडे इस्त्री करून ठेवलेस का? पुन्हा कुणी मेलं तर पहिला तूच पोचायला हवास."

एबो पुढच्या टेबलाशी जाई. त्याची झोप उडाली होती. सकाळी ट्रोट्रोत, त्या खच्चून भरलेल्या गाडीत उभ्या उभ्या, तो परीक्षकांच्या डोक्यानं विचार करायचा. आपल्या माणसांना पुन्हा फसवायचं तर काय पाठवावं? उत्तर एकच यायचं : पुन्हा मरणच पाठवावं, पण या वेळी नाव घालून.

नवव्या दिवशी तसंच पत्र आलं.

आंटी अक्वेलीनं ते उघडलं नाही. नियमाप्रमाणे एबोला बोलावून पडद्याकडे बोट दाखवलं. अनोळखी पत्ता, सोबत एक पत्रिका, आणि वर दोन ओळी : 'आमचे वडील, आपले माजी अभिलेखपाल सोवा लार्ये यांचं मंगळवारी निधन झालं. कृपया सोबतचा मजकूर पाहावा.'

लार्ये मास्टर! एकवीस वर्षांपूर्वी त्यांनीच त्याला या नोकरीला लावलं होतं. फायली सांभाळणारा वाळक्या अंगाचा माणूस, तारखेच्या बाबतीत महाकडक. उशिरा आलेल्या कागदावर कुणी मागची तारीख घालायला लागलं की त्याचा हात धरायचा. "तारीख खरी घाल. उशीर झाला असेल तर उशिराची घाल. कागदाला लाज वाटत नाही, आपल्याला वाटते." इथे अंत्यविधी महिना-दीड महिन्यानं, सगळ्यांना कळवून होतो; संस्थेत कुणाच्याही घरी मयत झालं की त्याला लार्ये मास्टर स्वतः जायचे. एबोची आई गेली तेव्हा ते तीन तास ट्रोट्रोत बसून सॉल्टपाँडला, एबोच्या गावी आले होते. संस्थेची माणसं म्हणून चौघांना बरोबर आणलं होतं. पहिल्या रांगेत, भर उन्हात, टोपी मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसले होते. संस्थेचं नाव पुकारलं तेव्हा ते उठून उभे राहिले, आणि गावाला कळलं की क्वान्साच्या मुलाच्या पाठीशी माणसं आहेत.

"फोन कर त्यांना," अक्वेली हळूच म्हणाली.

त्यानं जुना नंबर लावला. बंद होता.

"खोटंच आहे हे, आंटी. आपल्या जुन्या अहवालांत त्यांचं नाव आहे, तिथूनच उचललंय. मागच्या वेळी नाव नव्हतं, म्हणून पाच जण वाचले. या वेळी नाव घातलं, म्हणजे कुणीच वाचू नये."

"आणि खरं असलं तर?"

"खरं असतं तर घरचं कुणी आलं असतं."

"पत्रिका तुझ्या यंत्रावर तरी उघडून बघ."

"इथलं कुठलंही यंत्र मोजतात ते!" तो खेकसला. आंटी अक्वेलीवर तो आयुष्यात पहिल्यांदाच ओरडला होता. ती चष्मा काढून पदरासारख्या ओढलेल्या कापडाच्या टोकानं पुसत राहिली.

लार्ये मास्टरांचं घर टेशीला होतं. ट्रोट्रोनं पाऊण तास. रविवारी जाऊन यावं असं एबोनं ठरवलं. रविवारी बाईंनी जादा कामाला बोलावलं. त्याच्या पुढच्या रविवारी कुणीच बोलावलं नव्हतं, तरीही तो गेला नाही. पत्र खोटं आहे असं मानलं की नोकरी राहत होती, मुलगी शिकत होती आणि मास्टरही जिवंत राहत होते. इतकं सोयीचं असलेलं खोटं तपासायला कुणाचं पाऊल उचलतं?

पत्र आलं त्याच दुपारी त्यानं एक युक्ती केली होती. ज्या कुठल्या पत्रात निधन, अंत्यविधी, श्रद्धांजली असा शब्द असेल ते कुणाच्या नजरेला न पडता परस्पर एका कुलूपबंद कप्प्यात जावं, अशी व्यवस्था लावली आणि आलेलं पत्रही त्याच वाटेनं आत ढकललं. पाठवणाऱ्याला संशय नको म्हणून त्याला आपोआप उत्तर जाई : 'आपलं पत्र मिळालं. आभारी आहोत.' कप्प्यात काय येतंय ते एबोनंही पाहिलं नाही. पाहिलं की हात शिवशिवणार, हे त्याला आता कळत होतं.

निकाल बुधवारी आला. संस्था तिसरी! 'माणसं' या रकान्यात पूर्ण गुण, आमिषाला एकही कर्मचारी भुलला नाही. बाराही संस्थांत असं फक्त इथेच घडलं होतं. बाईंनी सगळ्यांसाठी जोलोफ भात आणि कोंबडी मागवली. फीफीनं एबोच्या डोक्यावर कागदाचा मुकुट चढवला. बाईंनी सर्वांसमोर त्याचा हात हातात घेतला. "या माणसामुळे," त्या म्हणाल्या, आणि टाळ्यांत पुढचं बुडालं.

एबो ताट घेऊन जागेवर आला आणि मोठ्या समाधानानं अहवाल चाळू लागला. शेवटच्या पानावर दुसऱ्या फेरीत पाठवलेल्या आमिषांची यादी होती. पहिलं, पेट्रोल भत्त्याचा नवा अर्ज. दुसरं, आरोग्य विम्याचं कार्ड. तिसरं, परिषदेचं निमंत्रण. बस, तीनच.

त्यानं यादी पुन्हा वाचली. मरणाचं पत्र त्यात नव्हतं. मग त्यानं कुलूपबंद कप्पा उघडला.

आत तीन पत्रं होती, तिन्ही एकाच पत्त्यावरून. पहिलं पाच आठवड्यांपूर्वीचं, ते त्यानं पाहिलेलं. दुसऱ्यात लिहिलं होतं : 'आपलं उत्तर मिळालं, बरं वाटलं. अंत्यविधीच्या पुस्तिकेत बाबांविषयी कार्यालयातर्फे एक पान ठेवलं आहे. दहा तारखेपर्यंत मजकूर पाठवावा.' तिसरं : 'मजकुराची वाट पाहत आहोत. अंत्यविधी शनिवारी, टेशीला. आपल्यासाठी पुढच्या रांगेत जागा राखली आहे.'

शनिवार होऊन चार दिवस झाले होते.

तो डोक्यावरचा मुकुट काढायलाही विसरला. स्वागतकक्षाशी आंटी अक्वेलीनं तो काढून घेतला. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टेबलाखालून आपली पिशवी काढली. "चल, मी येते," ती म्हणाली.

"नको आंटी. मला एकट्यालाच जाऊ दे."

टेशीच्या त्या अंगणातला मांडव उतरला होता. भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून भिंतीशी उभ्या होत्या, न्यायला कुणी आलं नव्हतं. एका चळतीतल्या खुर्च्यांच्या पाठींना कागद चिकटवलेले होते. सगळ्यांवर एकच नाव होतं, एबोच्या संस्थेचं. न मोजताही दिसत होतं, दहा होत्या.

मास्टरांची मुलगी अज्येले बाहेर आली. चाळिशीची, बापासारखीच वाळक्या अंगाची. ती ताकोराडीला नोकरीला होती, आजारपणात वडिलांजवळ येऊन राहिली होती.

"मी ऑफिसातून आलोय. एबो क्वान्सा."

"एबो!" तिनं नाव ओळखलं. "बाबा तुमचं नाव घ्यायचे." मग म्हणाली, "शनिवारी कुणीच आलं नाही. माईकवर दोनदा पुकारलं हो ऑफिसचं नाव. आमचे मामा म्हणाले, गाडी अडकली असेल, अजून एकदा पुकारा. मग तिसऱ्यांदा पुकारलं."

एबो रचलेल्या खुर्च्यांकडे बघत राहिला.

"मी स्वतः येणार होते बोलवायला. पण बाबांचं सांगणं होतं, ऑफिसला आधी लेखी कळवायचं, नोंद राहते. आणि तुमची उत्तरं तर येत होती. तिन्ही वेळा आलं, पत्र मिळालं म्हणून."

"ते मी पाठवलं नव्हतं," एबो म्हणाला. "म्हणजे मीच लावून ठेवलं होतं. पत्रं मी अडवली. मला वाटलं, कुणी आम्हाला फसवतंय. मास्टर गेले हे खोटं आहे, असं वाटलं मला. तसंच वाटून घेतलं."

यापेक्षा लहान करून त्याला सांगता येईना.

"मी आलो असतो तर पाऊण तासाचा रस्ता होता," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. भिंतीला हात टेकून तो रडला, आई गेली तेव्हा रडला नव्हता तसा.

ती आत गेली, पाणी घेऊन आली आणि त्याचं पिऊन होईपर्यंत उभी राहिली. मग पुस्तिका आणली. जाड गुळगुळीत कागद, वर टोपी घातलेले मास्टर. आत मुलांचं मनोगत, नातवंडांचं, चर्चच्या मंडळाचं. नवव्या पानावर मथळा होता, 'कार्यालयातर्फे'. त्याखाली पान कोरं होतं.

"छापणारा म्हणाला, पान काढून टाकू या," अज्येले म्हणाली. "मी म्हटलं, राहू दे. शुक्रवारपर्यंत येईल."

एबो त्या पानाकडे बघत राहिला. "अशा किती प्रती उरल्यात?"

"सदतीस. लांबच्या नातेवाइकांना पाठवायच्या आहेत. लोमेला, कुमासीला."

"मला पेन मिळेल?"

"ऑफिसच्या नावानं लिहायची परवानगी आहे तुम्हाला?"

"नाही."

तिनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग प्रतींचा गठ्ठा आणि पेन आणून ओट्यावर ठेवलं. एबोनं चळतीतली एक खुर्ची ओढून काढली. पाठीवरचा कागद तसाच ठेवून तो तिच्यावर बसला आणि सावकाश अक्षर काढत लिहू लागला. मास्टरांनी त्याला नोकरीला कसं लावलं ते लिहिलं. सॉल्टपाँडचं ऊन, मांडीवरची टोपी, सगळं लिहिलं. शनिवारी आम्ही आलो नाही, हेही लिहिलं.

पान भरलं तेव्हा त्यानं खाली सही केली. तारखेपाशी हात जरा थबकला. मग त्यानं आजची, बुधवारची घातली आणि दुसरी प्रत पुढ्यात ओढली.